निवेदन देताना शिष्टमंडळ

मानवी हक्कांच्या कामात उतरणाऱ्या होतकरू तरुणाला घरचे विचारतात, पैसे किती मिळणार? संस्थेतले विचारतात, कायदा येतो का? दोन्ही प्रश्न गैरलागू आहेत. पैसे मिळणार नाहीत, आणि कायदा समोरच्यालाही येतो. म्हणून तर काम अडलेलं असतं. विचारायला हवं ते एवढंच, की निवेदन देतानाचा फोटो काढता येतो का?

हा फोटो म्हणजे आपल्याकडच्या हक्क-चळवळीचं मुख्य उत्पादन. त्यात कागद एक असतो आणि हात अकरा. साहेब खुर्चीतून अर्धवट उठलेले असावेत; पूर्ण उठले तर शिष्टमंडळाचा मान फार वाढतो आणि बसून राहिले तर बातमी वेगळी होते. कागदाचं एक टोक साहेबांच्या चिमटीत, दुसरं अध्यक्षांच्या हातात, उरलेल्यांनी जमेल तिथं बोट टेकवावं. ज्याचं बोट पोचत नाही त्यानं पुढच्याचं कोपर धरावं. ज्याच्या मुलाला ठाण्यात मारलं तो बाप, किंवा जिचं शेत गेलं ती बाई, मागच्या रांगेत असते. तिचा अर्धा कान दिसला तरी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर छापून येतं: 'तहसीलदारांना निवेदन देताना शिष्टमंडळ'. पुढे काय झालं हे त्यात लिहायचं नसतं, त्यामुळे खुलासा छापायची वेळ कधी येत नाही. या गडबडीत निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घ्यायचा राहून जातो. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. शिक्का नसला की तीन महिन्यांनी 'असं काही आमच्याकडे आलेलंच नाही' हे ऐकायला मिळतं, आणि नव्या निवेदनाची, म्हणजेच नव्या फोटोची, सोय होते.

आता निवेदनाची भाषा. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथून निघावं आणि वाक्यात माणूस येणार नाही याची काळजी घ्यावी. 'बीट गार्डनं मंगळवारी दुपारी काठीनं मारलं' असं कधीही लिहू नये. त्यात मारणारा कळतो, वार कळतो, हत्यार कळतं. साहेबांना मग काहीतरी करावं लागतं. 'सदर इसमास मारहाण झाल्याचे समजते' हे कसं सर्वांना सोयीचं आहे. मागण्या किमान सतरा असाव्यात. पहिली, मारहाण करणाऱ्यावर गुन्हा नोंदवा. सतरावी, एसटीच्या थांब्यावर पत्रा टाका. प्रशासन संवेदनशील असलं तर सतरावी मागणी पावसाळ्याआधी मान्य होते आणि आंदोलनाला अंशतः यश आल्याचं जाहीर करता येतं. शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे हवंच. मागच्या खेपेलाही तीव्रच लिहिलं होतं, हे कुणी काढत नाही. प्रती माहितीस्तव राष्ट्रपतींपासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांना पाठवाव्यात, म्हणजे प्रत्येकाला हे काम दुसऱ्याचं वाटतं.

थोडक्यात लिहायची सवय लावायला शासन मदत करतं, हे मान्य केलं पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रानं देशाच्या आधी, २००२ साली केला, आणि अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा असा नियम २०१२ साली केला. उत्तराला शब्दांची मर्यादा नाही. पण 'माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' हे पाच शब्दांत बसतं, त्यामुळे मर्यादेची गरजही नव्हती. माहिती कशाला हवी हे विचारायचं नाही असं कायदा सांगतो. म्हणून टेबलावर कुणी विचारत नाही. टपरीवर चहा पाजून विचारतात. चहा प्यावा. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. बाकीच्या दिवशी तिथं काय असतं, हा प्रश्न उद्धट ठरेल.

मानवी हक्क आयोगाकडे जायला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. फक्त १९९३ च्या कायद्यानुसार घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. तेव्हा पीडितांना नीट समजावून सांगावं, की ज्यानं मारलं तो रोज चौकात भेटत असला, तरी भीती अकराव्या महिन्यात संपवलेली बरी.

संवादकौशल्याच्या निवासी कार्यशाळांवर फार लिहीत नाही, कारण तिथलं जेवण चांगलं असतं. हॉल वातानुकूलित, गळ्यात ओळखपत्र, भिंतीवर रंगीत चिकट चिठ्ठ्या. पाड्यावरच्या आजीबाईंना 'कार्यशाळेकडून अपेक्षा एका शब्दात लिहा' असं सांगण्यात येतं. त्या म्हणतात, मला लिहिता येत नाही, पण माझा पट्टा कुठं अडलाय तेवढं सांगा. मग समन्वयक ताई गुलाबी चिठ्ठीवर त्यांच्या वतीनं 'सक्षमीकरण' लिहितात. 'पट्टा' हा शब्द चिठ्ठीत मावला असता, पण देणगीदाराच्या अहवालात त्याला रकाना नाही.

हकिकत टिपून घेणं हा मात्र खरा अवघड विषय आहे. ग्रामीण माणसाला मुद्द्याचं बोलता येत नाही, असा अनुभव जाणते लोक सांगतात. त्याला विचारावं, घर कधी पाडलं? तो सुरुवात करतो बैलापासून. बैल लंगडत होता, म्हणून त्या दिवशी बाजारला गेलो नाही, म्हणून घरी होतो, म्हणून जेसीबी आलेला पाहिला. होतकरू कार्यकर्त्यानं इथं 'बाबा, बैल राहू द्या' असं म्हणून थांबवावं. थांबवलं की बाजारचा वार निसटतो, वाराबरोबर तारीख निसटते, बैलाला बघायला आलेला शेजारी, म्हणजे साक्षीदार, तोही निसटतो. अहवालात मग 'काही महिन्यांपूर्वी' असं मोकळं लिहिता येतं.

दुर्दैवानं या बाबतीत कायदा फार मागासलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम पुराव्यांची यादी देतात, आणि त्यात मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका यांच्या जोडीला जुन्या विहिरी येतात, दफनभूमी येते, देवस्थानं येतात. इतकंच नाही, तर दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही पुराव्यात धरतात. म्हणजे बैलापासून सुरू होणारी म्हाताऱ्याची गोष्ट सरकारी फायलीत अधिकृतपणे शिरते. जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात होती हे दाखवायचं असतं, आणि ती तारीख म्हाताऱ्याला ठाऊक नसते. थोरल्या नातीचं लग्न कोणत्या साली झालं ते ठाऊक असतं. अतिक्रमण केलं म्हणून वनखात्यानं वर्षानुवर्षं दंड केला, त्याच्या पावत्याही लोक दाव्याला जोडतात. ज्यानं त्या काळी गार्डाला कोंबडी देऊन पावती टाळली, त्याच्याकडे आज कागद नाही. व्यवहारचातुर्याची अशी शिक्षा मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात पाहिलेली नाही.

टाळण्यासारखे नमुनेही द्यायला हवेत. शीला बर्से या पत्रकार बाईंनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या १५ महिला कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यात सांगितलं, की यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. पाच! 'असंख्य भगिनी' लिहायला काय अडचण होती? पत्राला बोधचिन्ह नाही, कार्यकारी सारांश नाही, सोबत फोटो नाही. न्यायालयानं तेच पत्र याचिका म्हणून घेतलं आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये आदेश दिले, की स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या ठेवा, तिथं महिला पोलीस नेमा, चौकशी महिला पोलिसांच्या समोरच करा, आणि न्यायाधीशांनी अचानक जाऊन कोठड्या तपासाव्यात. पाचाच्या आकड्यावर एवढं मिळत असेल तर आमच्या 'असंख्य'चं काय करायचं?

दुसरं पत्र कोलकात्याचं. तिथल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणं जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं. निकाल लागला १८ डिसेंबर १९९६ ला. इतकी वर्षं एकाच विषयावर राहणं कोणत्याही प्रकल्पाच्या कालावधीत बसत नाही. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं झाला पाहिजे, अशा ११ सूचना त्यातून आल्या आणि त्या प्रत्येक ठाण्यात लावायचा आदेश झाला. आपल्या ठाण्यात त्या कॅलेंडरमागे आहेत की कपाटामागे, हे विनम्रपणे विचारून पाहावं. आवाज चढवू नये.

तिसऱ्या पत्राबद्दल लिहिताना मार्गदर्शकाचा सूर ठेवता येत नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर रात्री बलात्कार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिनं प्रतिकार केला नसणार, असा तर्क निकालात आहे. ती ठाण्याच्या आत होती आणि समोर पोलीस होते. आपलं 'नाही' तिनं आणखी कोणत्या कौशल्यानं पोचवायला हवं होतं, हे एकाही कार्यशाळेत शिकवत नाहीत. पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून निकालाची चिरफाड केली. त्यावरून देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं तसंच धरून चालायचं. एवढ्यासाठी अकरा वर्षं.

पुन्हा वर्गात येऊ. आंदोलनाचं संवादशास्त्र सांगतं, की लोकांची गैरसोय झाल्याशिवाय बातमी होत नाही. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या मोर्चानं हा नियम उघड मोडला. हजारो शेतकरी, त्यांत पुष्कळसे आदिवासी, वनजमिनीचे पट्टे मागत नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीवर आले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण नको म्हणून, दिवसभर चाललेले हे लोक मध्यरात्रीनंतर पुन्हा उठून चालायला लागले आणि सकाळपर्यंत आझाद मैदानात जाऊन बसले. कॅमेरे झोपलेले असताना मोर्चा काढणं ही प्रसिद्धीतंत्रातली घोडचूक आहे. तरी मुंबईकर पाणी घेऊन आले, बिस्किटं घेऊन आले, फोड आलेले पाय पाहून कुणी चपला आणल्या. एरवी दहा मिनिटं रस्ता अडला तर घटना बदलायला निघणारे हे मुंबईकर!

सरकारनं त्याच संध्याकाळी लेखी आश्वासन दिलं. मोर्चेकरी २०१९ मध्ये पुन्हा नाशिकहून निघाले, तेव्हाही लेखी आश्वासन मिळालं. २०२३ मध्ये पुन्हा निघाले आणि शहापूर तालुक्यात वाशिंदला येऊन थांबले. बोलणी झाली, कागद झाले. तेव्हा आश्वासन लेखीच घ्यावं, त्यावर सही आणि तारीख घ्यावी, कागदाच्या तीन झेरॉक्स काढून वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि चपलेचा अंगठा तुटला असेल तर घरी पोचल्याबरोबर शिवून घ्यावा.