बेंझवाले मालक आणि त्यांची फाईल

हळदीचा माल बघावा तर मालकांनीच. पोत्यात हात घालून कांडी काढतात, कटकन मोडतात, आतला रंग उजेडात धरतात आणि भाव सांगून मोकळे होतात. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात अशी नजर असलेले अनेक भेटतील. पण गाळ्यासमोर काळी मर्सिडीज लावणारा मालक वेगळाच. गाडीचा नंबर एमएच-२० चा. हिंगोलीचा एमएच-३८, म्हणजे गाडी बाहेरची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मालक ते लपवत नाहीत. उलट छाती काढून सांगतात, "त्या दीडशेतली हाय!"

ते दीडशेचं प्रकरण मराठवाडा अजून विसरलेला नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा ६५ कोटींचा, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाखांचा. त्यातले चाळीसेक कोटी स्टेट बँकेनं ७ टक्क्यांनी कर्जाऊ दिले. ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर तेव्हा याहून बराच चढा होता, आणि पत्रकार पी. साईनाथांनी त्यावरून चांगलंच सुनावलंही होतं. आता त्या गाड्यांची पंधरा वर्षं भरली. मालकांची गाडी त्यांच्यातलीच, याला पुरावा काही नाही. औरंगाबादची, २०१० ची आणि मर्सिडीज, एवढ्यावर निकाल लागला आहे. शेतकऱ्याच्या मालाबद्दल इतका सढळ निकाल त्यांनी आजवर दिल्याचं ऐकिवात नाही.

गाडी सहा लाखांत पडली. "स्विफ्टच्या पैशात बेंझ!" महिनाभर यार्डात दुसरा विषय नव्हता.

मग पहिलं बिल आलं. कंपनीचं वर्कशॉप हिंगोलीत नाही. गाडी टो करून दोनशे किलोमीटरच्या पुढे न्यावी लागली आणि पावणेदोन लाखांचा कागद घेऊन परत आली. मालकांनी तिथल्या ॲडव्हायजरला फोन लावला. "सहा लाखाच्या गाडीला पावणेदोन लाख? कामून?"

खरी गोम इथेच आहे. गाडीचा भाव उतरला, पार्टचा नाही. लोअर आर्म बनवणाऱ्याला गाडी कितव्या हातात आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. गाडी ४३ लाखांची होती तेव्हा लागत होता तोच आर्म, तेच इंजिन माउंटिंग, त्याच दर्जाचा मेकॅनिक आजही लागतो. ४३ लाखांशी ताडून पाहिलं तर पावणेदोन लाख म्हणजे चार टक्के, आणि सहा लाखांशी ताडून पाहिलं तर दरोडा. मालक दरवेळी सहानंच भागतात.

गाळ्यात बिल वाचायचा कार्यक्रम रीतसर होतो. मालक चष्मा लावून गादीवर, मुनीम शेजारी, बोलेरोचा ड्रायव्हर दारात आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला पुतण्या उभा. ड्रायव्हरचं मत ठरलेलं असतं: "एवढ्यात माझं इंजिन दोनदा बांधून झालं असतं, मालक."

मर्सिडीजच्या पार्टचा नंबर 'ए' आणि पुढे दहा आकडे असा असतो. पहिल्या तीन आकड्यांवरून पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी काढला ते कळतं. या ई-क्लासचे आकडे २१२. एका ओळीत २०४ दिसताच मालक गरजले, "दुसऱ्या गाडीचा माल लावला भाडखाऊनं!" पुतण्यानं समजावलं की २०४ म्हणजे सी-क्लास, आणि सस्पेन्शनचे कितीतरी आर्म दोन्ही गाड्यांना एकच असतात. मालकांना पटलं नाही, पण आवाज उतरला.

मग 'कंझ्युमेबल्स, रुपये ८५०' या ओळीवर पाऊण तास. ग्रीस, क्लीनर, चिंध्या यांचे वेगळे पैसे कसले? हे चालू असताना मुनीम समोरच्या हिशोबपट्टीत मुकाट्यानं हमाली आणि तोलाई मांडत होता.

एका ठिकाणी मात्र मालक शंभर टक्के बरोबर निघाले. वॉटर पंपाची मजुरी वेगळी लावली होती आणि बेल्ट बदलायची वेगळी. पंप काढायचा म्हणजे बेल्ट निघतोच, मग दोनदा मजुरी कशाची? वर्कशॉपनं ती ओळ निमूटपणे खोडली. या यशानं मालक इतके फुगले की २०२४ चं बिल काढून म्हणाले, "पार्टवर २८ टक्के जीएसटी घेतलाय, आता १८ आहे. फरक परत करा!" दर २२ सप्टेंबर २०२५ पासून उतरला आणि मागच्या तारखेला लागू होत नाही, हे त्यांना तिघांनी वेगवेगळं सांगितलं.

काढलेले पार्ट ते हट्टानं मागून घेतात, आणि हे कुणीही करावं. हळदीच्या पोत्यांमागे आर्म, पंप, शॉकअब्जॉर्बर यांची रांग आहे. पुतण्यानं पुढचा आर्म बाहेरून मागवला, मूळ बनवणाऱ्या लेमफोर्डरचाच. दोन्ही शेजारी ठेवून मालकांनी हळदीसारखेच उजेडात धरले. घडण तीच, जुन्यावर चांदणी होती, नव्यावर त्या जागी घासल्याचा डाग. किंमत बरीच कमी. सुटे पार्ट बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणी मिळू देत नाहीत, म्हणून स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. त्यात मर्सिडीजही होती. प्रकरण अपिलात गेलं, पण मालकांना एवढी बातमी पुरेशी आहे. ती छापून त्यांनी बिलांच्या फाईलला पहिल्या पानावर लावली.

पंधरा वर्षं भरल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणाचे ५,००० रुपये मात्र त्यांनी हू की चू न करता भरले. सरकारी पावतीत भाव करायला जागा नसते.

परवा सेनगावहून एक गिऱ्हाईक आलं. मालकांनी सहा लाख अधिक फाईलची बेरीज असा भाव सांगितला. गिऱ्हाईक म्हणालं, "बिलं तुमची, मालक. मी गाडी घ्यायलो." सौदा फिसकटला. तेव्हा वाचकांपैकी कुणाला घ्यायची असेल तर जरूर यावं: भावात थोडंफार कमीजास्त होईल, जुने पार्ट फुकट मिळतील, फाईल मात्र बसून पूर्ण ऐकावी लागेल.