पाच प्रती ठेवा, पोच द्या

स्वखर्चाने पुस्तक काढलेला लेखक गावातल्या दुकानात प्रती घेऊन जातो, तेव्हा त्याला सहसा स्पष्ट नकार मिळत नाही. मिळाला असता तर बरं झालं असतं. त्याला उत्तर मिळतं, "ठेवून जा, बघू." दहा प्रती काउंटरखाली जातात. कागद नाही, तारीख नाही, कुणाची सही नाही. सहा महिन्यांनी तो विचारायला गेला की काउंटरवरचा मुलगा बदललेला असतो, कपाटं हललेली असतात आणि प्रती आल्या होत्या किती, इथपासूनच वाद सुरू होतो. हजार-दोन हजारांसाठी कुठे भांडायचं, म्हणून लेखक घरी परततो आणि मराठी माणूस वाचतच नाही, असं सगळ्यांना सांगत फिरतो.

वाचकाला यात का ओढता? पुस्तक त्याच्या नजरेसच पडलेलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. गावातल्या लेखकाचं पुस्तक गावातल्या दुकानात दिसलंच पाहिजे, आणि त्यासाठी कुणी कुणावर उपकार करायची गरज नाही. एक चलन पुरेसं आहे.

विक्रीनंतर हिशेब ही पद्धत वाईट नाही. दुकानदार आधी पैसे गुंतवत नाही, खपलं तेवढ्याचे देतो, उरलेलं परत करतो. मोठे प्रकाशकही असा माल ठेवतात. फरक एवढाच की त्यांचं चलन असतं आणि वसुलीला माणूस येतो. एकट्या लेखकाकडे माणूस नसेल, पण चलन करायला काय लागतं? एका पानावर पुस्तकाचं नाव, प्रती किती, छापील किंमत, कमिशन किती टक्के, हिशेबाची तारीख आणि न खपलेल्या प्रती कोण कधी उचलणार, एवढंच लिहायचं. दोन प्रती काढायच्या, दोघांच्या सह्या घ्यायच्या. पाच पुस्तकांची पोच द्यायलाही जो दुकानदार कां-कूं करतो, त्याच्याकडे पुस्तक ठेवू नका. तो पैसे देताना सरळ वागेल अशी आशा कशाच्या बळावर धरायची?

आता लेखकांकडे वळतो, कारण त्यांचंही चुकतं आणि ते त्यांना कुणी तोंडावर सांगत नाही.

किंमत. समजा, पुस्तकाची थोड्या प्रतींची छपाई प्रतीमागे १३० रुपयांना पडली आणि तुम्ही वाचकांवर दया करून किंमत ठेवली १५० रुपये. दुकानाने ४० टक्के घेतले की तुमच्या हाती ९० येतात. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे तुम्ही ४० रुपये गमावता, आणि पुस्तक चाललं तर जास्त बुडता. किंमत ३०० ठेवली तर हाती १८० येतात आणि प्रतीमागे ५० रुपये सुटतात. मध्ये वितरक घातला आणि त्याने ५५ टक्के मागितले तर मिळतात १३५, म्हणजे सुटले फक्त पाच. ही आकडेमोड छपाईच्या आधी करायची असते. मलपृष्ठावर किंमत छापून झाली की काही करता येत नाही.

दुसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. प्रकाशन समारंभात पुस्तक निम्म्या किमतीत विकायचं, व्हॉट्सअॅपवर महिनाभर 'घरपोच १५०' असं फिरवायचं आणि तेच पुस्तक दुकानात ३००ला ठेवून ते खपत नाही म्हणून ओरडायचं. दुकानाला जागेचं भाडं भरायचं असतं, विजेचं बिल असतं. तुम्हीच त्याच्या दारात उभं राहून त्याचा भाव पाडता, मग तो तुमचं पुस्तक पुढे का मांडेल? घरून सवलत द्यायचीच असेल तर दुकान देतं तेवढीच द्या.

आणि पुस्तकाला कणा हवा. चौसष्ट पानांचा कवितासंग्रह मधोमध पिना मारून काढला की कपाटात उभा ठेवल्यावर तो दोन पुस्तकांच्या मध्ये नाहीसाच होतो. शोधायला आलेल्या माणसालाही सापडत नाही. थोडी पानं वाढवा, चिकट बांधणी करा, कण्यावर ठळक नाव टाका. आयएसबीएन घ्या. तो दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, लेखक-प्रकाशकाला स्वतःच्या नावाने घेता येतो. तरीही 'पॅकेज'च्या नावाखाली त्याचे पैसे उकळणारे लोक आहेत, आणि ते क्रमांक स्वतःच्या नावावर घेतात, म्हणजे पुस्तक तुमच्या पैशाने निघतं आणि नोंदीत प्रकाशक म्हणून ते लागतात. हेच लोक वितरणाचंही वचन देतात. कोणत्या दुकानात किती प्रती ठेवल्या, एवढंच त्यांना विचारा. यादी मागितली की फोन उचलणं बंद होतं.

काही मोठी दुकानं लेखकाकडे जीएसटी क्रमांक मागतात आणि बिचारा तिथूनच परत फिरतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. फक्त छापील पुस्तकंच विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. साध्या बिलावर तसं लिहून द्या आणि ठामपणे बसा.

दुकानदारांशीही मला बोलायचं आहे. तालुक्याच्या बुक डेपोचं पोट पाठ्यपुस्तकं, वह्या, गाइड आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर चालतं, हे मान्य. जून-जुलैत तुमच्याकडे कवितासंग्रह घेऊन येणाऱ्याला तुम्ही हाकललंत तरी मी तुमच्या बाजूने बोलेन. पण उरलेल्या वर्षात दर्शनी भागात काय असतं? यशस्वी कसे व्हावे, श्रीमंत कसे व्हावे, तीच वीस भाषांतरं. ती ऑनलाइन तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतात आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक असतं. सवलतीच्या शर्यतीत लहान दुकान टिकत नाही. सवलतीसाठीच नावाजलेलं मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ साली सुरू झालं होतं, तेही फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं.

तुमच्या तालुक्यातल्या निवृत्त शिक्षकाने लिहिलेला गावाचा इतिहास मात्र दुसरीकडे कुठेच मिळत नाही. बोलीतल्या शब्दांचा संग्रह, जवळच्या किल्ल्याची वाट दाखवणारं पुस्तक, जुन्या तालमीच्या आठवणी, सासरी गेलेल्या मुलींनी मागवून घ्यावी अशी गावाकडच्या पाककृतींची वही हे सगळं फक्त तुमच्याकडे असू शकतं. पुण्याहून, दुबईहून सुट्टीला आलेला माणूस असलं पुस्तक घासाघीस न करता घेतो. एका कप्प्याची जागा जाते, भांडवल शून्य.

ज्ञानकोशकार केतकरांनी १९२० ते १९२७ या काळात तेवीस खंड काढले ते आधी वर्गणीदार जमवून. स्वतः प्रकाशन करणाऱ्यांना हे उदाहरण नेहमी दिलं जातं. ते अर्धवट आहे. केतकरांच्या मागे ज्ञानकोश मंडळ नावाची रीतसर कंपनी होती. एकट्या माणसाला ओळखीच्या शंभर लोकांपलीकडे जायचं तर दुकानच लागतं, कारण अनोळखी वाचक तिथेच भेटतो.

एक विसंगती मला सतत टोचते. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाने तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. म्हणजे सावंतवाडीत किंवा अंबाजोगाईत छापलेलं पुस्तक कोलकात्यात जपून ठेवण्याची सोय देशाने केली आहे. आणि ते ज्या गावाबद्दल आहे त्या गावच्या स्टँडजवळच्या दुकानात ते नाही!

हे या वर्षीच बदलता येईल. लेखकांनी ऑगस्ट-सप्टेंबरात किंवा दिवाळी अंकांचा भर ओसरल्यावर जावं, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, गर्दी नसताना, पाच प्रती आणि भरलेलं चलन घेऊन. दुकानदारांनी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, दारात एक टेबल टाकून त्यावर फक्त आपल्या तालुक्यातल्या लेखकांची पुस्तकं मांडावीत. आणि त्या टेबलाचा हिशेब ३१ मार्चच्या आत चुकता करावा.