नऊ भरू द्या की!

"काय वो वहिनी, पोरगं चालायलंय की चांगलं. मग खेळत काहून नाही?"

नळाला पाणी आलं की पाइप हौदात सोडून अक्का भिंतीशी येतात, आणि पहिला सवाल हाच. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी. तिच्यावरून विरजण जातं, कढीपत्ता येतो, आणि गेल्या दिवाळीपासून माझ्या पोराचा गुडघा जातो-येतो.

झालं ते कबड्डीत. चढाईला गेला, एकानं घोटा धरला, दुसरा कमरेला भिडला. पाय मॅटवर रोवलेला, अंग मध्यरेषेकडं वळलेलं. "कट् असा आवाज आतून आला," म्हणतो. रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा.

सुजलेल्या गुडघ्याला पाथरीत सल्ल्यांचा काय तोटा! आंबेहळदीचा लेप झाला. अक्कांनी गुरुवारी साईबाबांच्या जन्मस्थान मंदिरात जाऊन नवस बोलून टाकला. मग एक चोळणारा आला. त्यानं तेल लावून गुडघा असा काही पिळला की पोराचं ओरडणं चार घरं ऐकू गेलं. नवसाचं मला काही नाही, पण त्या चोळण्याचा राग अजून जात नाही. महिना त्यात गेला. सूज उतरली म्हणून आम्ही खूश, आणि जिना उतरताना गुडघा एकदम निसटला. मग परभणीला एमआरआय. एसीएल पूर्ण तुटलेलं.

"हाड नाही ना मोडलं? मग पट्टा बांधा, जुळतंय," अक्का म्हणाल्या.

जुळत नाही हो. गुडघ्याच्या मधोमध असलेली ती दोरी पूर्ण तुटली की सहसा आपसूक सांधत नाही. ज्याला पळायचं, वळायचं, त्याच्या मांडीमागची स्नायूची दोरी काढून, हाडांना भोकं पाडून, दुर्बिणीतून तिथं बसवतात. संक्रांतीनंतर संभाजीनगरला ते झालं. दोन-तीन दिवसांत वॉकर धरून घरी. गल्लीला वाटलं, सुटलो. मलाही.

खरं काम पलंगावर सुरू झालं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचं. पहिल्या दिवशी मांडी हलेचना. चौघांना ओढत मध्यरेषा गाठणारं माझं पोरगं त्या टॉवेलपुढं रडलं. टेप लावला तर ती मांडी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरनं बारीक. मग टाच सरकवणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं, एका पायावर तोल धरणं. आठवड्यातून दोनदा एसटीनं परभणीला फिजिओकडं. आणि गंमत बघा, दुखणं कमी होतं त्याच दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नवी दोरी सगळ्यात कच्ची असते. तिच्यात रक्तपुरवठा नव्यानं फुटायचा असतो. पोराला वाटतं बरा झालो, आणि आत काम अर्धवट.

"पण ती पैलवान पोरगी, विनेश? माझा नातू सांगत होता, तिचं बी हेच झालतं. वर्षाच्या आत उतरली की ती."

नातू खोटं बोलला नव्हता. १७ ऑगस्ट २०२३ ला मुंबईत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं. मी म्हटलं, "अक्का, तिच्यामागं फिजिओ, आमच्यामागं एसटीचं वेळापत्रक. आणि ऋषभ पंत? डिसेंबर २०२२ मध्ये गाडीचा अपघात झाला, गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन मुंबईतच. मैदानात आला मार्च २०२४ ला. मोजा बोटांवर."

अक्कांनी मोजले. पंधरा.

आमच्या फिजिओनं २०१६ चा एक अभ्यास सांगितलाय. खेळायला परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवाल, तितकी दर महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता निम्म्यानं उतरते. वर नुसत्या तारखेवर भागत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजतात, एका पायावर लांब उड्या मारायला लावतात. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांवर आला तर पुढचं बोलणं.

"नऊ महिने? मग बाळंतपणच की वो हे!" अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून त्या मला पोराचा महिना विचारतात.

परवा १५ ऑगस्टच्या सामन्यांसाठी पोरं मोटारसायकलवर आली. "एकच राऊंड काकू, बोनसपुरता. पकडीत जाणारच नाही." आमचं पोरगं बूट शोधायलाही लागलं. मी तोंड उघडायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला, "सातव्यात बाहेर काढता का रे त्याला? नऊ भरू द्या की!"

पोरं हसत गाडीला किक मारून गेली. आमचं चिडलं, आत गेलं आणि एका पायावर उठाबशा काढायला लागलं.

नऊ दसऱ्याच्या आसपास भरतात. बूट तोवर अक्कांच्या ज्वारीच्या कोठीत आहेत.