स्टेडियमवरचे मामा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघायला नवखा माणूस गेला, तर तिकीट त्याला खिडकीवर मिळतं आणि मामा आत गेल्यावर मिळतात. तिकिटाला पैसे पडतात, मामा फुकट असतात. ते कुठल्या पेठेचे, हे विचारण्यात अर्थ नाही. मंगळवार, शिवाजी, रविवार, प्रत्येक पेठेनं आपापला एक नग स्टेडियमला बहाल केलेला आहे. खरं नाव रेशनकार्डावर असेल. पायऱ्यांवर ते मामाच.

"बसा पावनं. कुठनं आलाय?"

"पुण्याहून."

"मग पहिल्यापास्नं सांगाय पायजे."

पहिल्यापासून म्हणजे संस्थानापासून. राजर्षी शाहूंनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, पेठापेठांतल्या तालमी घुमू लागल्या आणि पुढं त्याच तालमींच्या पोरांनी लंगोट खुंटीला अडकवून पायांत बूट घातले. म्हणून इथं क्लबांची नावं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी. समोरच्याला नुसतं हरवून भागत नाही, पाठ लावावी लागते, हा मामांचा फुटबॉलविषयक मूळ सिद्धांत तिथूनच आला आहे. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांची 'केएसए', स्थापन झाली. हे मामा अशा थाटात सांगतात, की ठरावाला अनुमोदन त्यांचंच असावं. आपला जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, हा तपशील ते किरकोळ मानतात.

इतिहासानंतर सोयी. स्टेडियमच्या सोयी मामा स्वतःच्या देहावरून दाखवतात. दुपारी ऊन पाठीवर येईल अशी पायरी त्यांनी हेरून ठेवली आहे. डोक्यावर ओला टॉवेल, ते छत. बुडाखाली सकाळचा पेपर, ती गादी. त्यात आजच्या सामन्याची बातमी असते. मामा ती वाचत नाहीत, तिच्यावर बसतात. पाण्याची सोय म्हणजे शेजाऱ्याची बाटली आणि खाण्याची सोय म्हणजे शेजाऱ्याचे खारे शेंगदाणे. पायऱ्यांवर खुर्च्या बसवाव्यात असं कुणी म्हणालं, की मामा खवळतात. "खुर्चीत बसून टाळ्या वाजवायला ही काय संगीत नाटकं हायत? गोल झाल्यावर माणूस उठला पायजे, आन् उठला की मागच्याची शिवी खाल्ली पायजे!"

नियमांचं ज्ञान सखोल आहे. ऑफसाइड म्हणजे आपल्या तालमीवर गोल होत असताना रेफरीनं न लावलेला नियम. रेफरी दोन जातींचे: आंधळे आणि मॅनेज झालेले. आपली तालीम जिंकली, तर त्या दिवसापुरती तिसरी जात निघते, 'कडक माणूस'. काही संघ नायजेरियाचे खेळाडू आणतात. त्यांनाही मामा पायरीवरून ओरडतात, "आरं डावीकडं बघ की मर्दा!" एकदा त्यांतला एक खरंच डावीकडं बघतो. तेव्हापासून प्रशिक्षक ठेवण्यावर होणारा खर्च मामांना उधळपट्टी वाटू लागला आहे.

जागतिक फुटबॉलकडंही ते याच पायरीवरून बघतात. विश्वचषक आला की कोल्हापूरच्या गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. मेस्सीबद्दल मामांचं मत बरं आहे. "खेळतोय चांगला. पण त्येला पेठेचं प्रेशर म्हाईत न्हाई. हारून एकदा शिवाजी पेठेतनं चालत जाऊन दाखव म्हणावं." 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. फिफाच्या स्पर्धेत भारत उतरण्याची ती पहिलीच वेळ. "मी तवाच सांगून ठेवलेलं," मामा म्हणतात. कुणाला सांगितलेलं, असं विचारलं की त्यांना अचानक मैदानावरचं गवत फार महत्त्वाचं वाटू लागतं.

एवढं सगळं सांगायचं म्हणजे तोंड पाहुण्याकडं आणि पाठ मैदानाकडं ठेवावी लागते. ही मामांची खरी तपश्चर्या. एका जुन्या फायनलमधला गोल ते हातवाऱ्यांसह उलगडत असतात. कॉर्नर आला, इथनं उडी, असं डोकं... आणि नेमका तेवढ्यात सगळ्या स्टेडियमवर गलका उठतो. मामांच्या तालमीनं गोल मारलेला असतो. पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात, टॉवेल कुठल्या कुठं उडतो. मामा दोन्ही हात वर करून गर्रकन वळतात आणि पुढच्या पोराच्या कानाशी लागून हळूच विचारतात, "कुणी मारला रं?"

पोरगं नाव सांगतं. डाव्या पायानं, एवढंही सांगतं. मामांना तेवढं पुरतं.

रात्री पेठेत तालमीच्या कट्ट्यावर चहा फिरतो. भोवती पंधरा-वीस जण जमलेले. आता त्या गोलाला मागून तीन पास जोडले गेले आहेत, दोन डिफेंडर बसवले गेले आहेत आणि गोलकीपरच्या चेहऱ्यावरची भीतीसुद्धा भरली गेली आहे. प्रत्यक्ष स्टेडियमवर असलेली पोरंही तोंड उघडं टाकून ऐकतात. त्यांनी पाहिलेल्या गोलापेक्षा हा कितीतरी चांगला असतो. वीस वर्षांनी तीही हाच सांगणार आहेत.

कोपऱ्यातून कुणीतरी शंका काढतं, "मामा, पाय डावाच हुता न्हवं?"

मामा कप खाली ठेवतात. "आरं, मी समोर हुतो की!"