वेगळं पातेलं

"यंदा वाण काय?"

"कप."

"अगं बाई! बशीसकट?"

इथेच मी थांबायला हवं होतं. पण वाणाच्या बाबतीत सोसायटीत माझा एक दबदबा आहे. लोक प्लास्टिकचे डबे लुटतात तेव्हा मी तुळशीची रोपं लुटते. लोक स्टीलच्या चाळण्या देतात तेव्हा मी कापडी पिशव्या देते, आणि सोबत पाच मिनिटांचं भाषण, जे कुणी मागितलेलं नसतं. "हिचं वाण म्हणजे काहीतरी वेगळंच असतं हं," असं एकदा जिन्यात कानावर पडलं आणि तेव्हापासून मी त्या वाक्याची बांधील आहे. त्या बांधिलकीपोटी यंदा मी मेन्स्ट्रुअल कप लुटायचे ठरवले. घाऊक घेऊनही एकेक अडीचशेला पडला. नवऱ्याला मी "शंभरच्या आसपास" सांगितलं.

ज्या कारणाने बाईने हळदीकुंकवाला यायचं नाही, त्याच कारणाची सोय हळदीकुंकवाच्या ताटात मांडायची, हे मला फार क्रांतिकारक वाटलं होतं. बायकांना मात्र तिळगुळाशेजारी गुलाबी रबरासारखं काहीतरी दिसलं, इतकंच. तळमजल्यावरच्या एकाहत्तर वर्षांच्या काकूंनी ते उजेडाकडे धरून सगळीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "नरसाळं गोड आहे गं. पण खाली भोक पाडायचं राहिलंय."

मग मी भाषणाला उभी राहिले. तयारी जय्यत होती. हे काही कालचं खूळ नाही, मी म्हटलं. १९३७ साली अमेरिकेत लिओना चाल्मर्स नावाच्या नटीने याचं पेटंट घेतलं. तेव्हाचा कप रबराचा. दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा झाला आणि बिचारा कप मागे पडला. आता तो सिलिकॉनचा असतो, नीट सांभाळला तर दहा वर्षंसुद्धा टिकतो आणि एका वेळी बारा तासांपर्यंत ठेवता येतो. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ साली पाच हजार कप फुकट वाटले. तिकडचीच कुंबळंगी ग्रामपंचायत २०२२ साली सॅनिटरी नॅपकिनमुक्त जाहीर झाली. 'लॅन्सेट'वाल्यांनी ४३ अभ्यास आणि ३,३१९ बायका-मुलींचे अनुभव एकत्र तपासले, तर गळतीच्या बाबतीत कप पॅडइतकाच भरवशाचा निघाला. मात्र ज्यांनी तांबी बसवली असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण कप ओढताना ती सरकू शकते.

टाळ्या नाहीत, पण शांतता पसरली. ती मी आदराची समजले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची नवी सून, आयटीतली, सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "काकू, तुम्ही किती वर्षं वापरताय?"

"झाली की दोनेक."

खरं उत्तर शून्य होतं. मी आकडे पाठ केले होते. कप पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नव्हता.

आता खोटं बोललं की ते निभावावं लागतं, आणि दोनेक वर्षांचा अनुभव मला येत्या पाळीच्या आत मिळवणं भाग होतं. माहितीपत्रकावर घडीच्या तीन आकृत्या होत्या. मी उकडीचे मोदक वळणारी बाई आहे. एकवीस पाकळ्या काढते. तीन घड्यांचं मला काय कौतुक! पहिली घडी घातली, बोटांत घट्ट धरली, आणि कप टुणकन उडून गीझरमागे गेला. तो काढायला मोरीतली झाडणी लागली. मग पुन्हा उकळणं आलं. दुसऱ्यांदा तो बादलीत पडला. तिसऱ्यांदा जागेवर गेला, आणि मी बाहेर येऊन आरशात स्वतःकडे अशा काही नजरेने पाहिलं की तेनसिंगनेही शिखरावर पाहिलं नसेल.

खरी गंमत संध्याकाळी झाली. कप बाहेर येईना. चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय लटपटतात, हे गडांबद्दल मला माहीत होतं. मी घाबरले. घाबरलं की अंग आवळतं आणि कप आणखी वर सरकतो. बाहेरून लेकीने, वय पंधरा, शांतपणे सूचना दिल्या : "आई, बस. श्वास घे. दांडी ओढू नकोस. बूड चिमटीत दाब, म्हणजे हवा शिरेल." यातलं हवेचं तेवढंच नवऱ्याच्या कानावर गेलं. दाराशी येऊन तो काळजीच्या सुरात म्हणाला, "नळाचं काही आहे का? प्लंबरला बोलवू?"

पुढच्या दोन महिन्यांत हात बसला. पण खरी अडचण कपाची नव्हती. खरी अडचण पातेल्याची होती.

पाळी संपली की कप पाच मिनिटं उकळून ठेवायचा. उकळायचा कशात? जिच्या घरी चार भांडी आहेत तिला हा प्रश्न पडत नसेल. माझ्याकडे लग्नातली भांडी आहेत, आणि मराठी लग्नातलं भांडं हे भांडं नसतं, तो लेखी पुरावा असतो. दुकानदार ते टर्रर्र वाजणारं यंत्र चालवून ठिपक्याठिपक्यांनी त्यावर नाव घालून देतो, फुकट. फुकट म्हटल्यावर आपण मजकुरात काटकसर करत नाही. माझ्या एका डब्यावर 'चि. सौ. कां.' इथपासून सुरुवात करून देणाऱ्याचं नाव, नातं, गाव आणि तारीख अशी गोल प्रदक्षिणा आहे. शेवटी जागा संपल्यामुळे 'सप्रेम भे' एवढंच मावलंय. 'ट' झाकणावर आहे. एका तांब्यावर नवऱ्याच्या नावाचा 'सु' उडून 'कु' झाला आहे, म्हणून तो फक्त पाहुणे नसताना निघतो. भांड्यावरचं नाव पुसता येत नाही, घासून घासून आपणच पुसले जातो. कोण कुणाशी कधी भांडलं, कुणी कुणाला पातळ पत्र्याचं दिलं, कुणी आपल्याला आलेलंच पुढे ढकललं (दोन नावं असलेली परात आहे माझ्याकडे, त्यातली एक बाई मला माहीतच नाही), हा सगळा इतिहास मांडणीवर उपडा पडलेला असतो. शेजारी शिरा दिला तर वाटी परत येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो, आणि आली की आधी आपण बूड बघतो, नाव आपलंच आहे ना. असल्या भांड्यांत कप उकळायचा म्हणजे कुणाच्या तरी सप्रेम भेटीत उकळायचा. मामेसासऱ्यांच्या नावात मला धजवेना. आईच्या नावात नकोसं वाटलं. कुकरच्या डब्यावर नाव नाही, पण त्यात वरण होतं.

शेवटी एक छोटं पातेलं सापडलं. बुडाशी ठिपके : 'मोठ्या आत्याकडून'. तारीख नाही, प्रेम नाही. आत्या तशीच होती.

मला तेराव्या वर्षी गावी पहिली पाळी आली तेव्हा घरात आत्याची सत्ता होती. "कावळा शिवला हिला," असं तिने जाहीर केलं आणि मी सगळ्या अंगणात तो कावळा शोधत होते. मला पडवीत पोतं घालून दिलं. एक तांब्या, एक ताटली, वेगळी. पाणी हवं असलं की मी भांडं पुढे धरायचं आणि आत्या दोन हात वरून धार सोडायची, म्हणजे तिच्या तांब्याला माझं भांडं लागू नये. निम्मं पाणी माझ्या फ्रॉकवर. ते पाणी थंड होतं, इतकंच मला आठवतं. आणि कुणी रागावलेलं नसूनही मला ओरडा बसल्यासारखं वाटत होतं.

म्हटलं, हेच पातेलं. सूड म्हणून नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं.

तर तीन महिन्यांनी, हात बसल्यावर, माझ्यातली भाषणवाली पुन्हा जागी झाली. आमच्याकडे रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी 'स्वच्छ'च्या. म्हणजे पुण्यातल्या कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे, तिच्या. या संस्थेने वर्षानुवर्षं एक साधी विनंती केली आहे : पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतही गुंडाळून द्या असं लिहिलं होतं. मी गुंडाळायची. ठिपका काढायची नाही. लाल पेन सापडत नसे म्हणा, किंवा ठिपका काढला की सगळ्यांना कळेल म्हणा. चार जणांसमोर कपावर भाषण ठोकणाऱ्या बाईला कागदावर एक ठिपका काढायची लाज वाटत होती.

"मावशी," मी ऐटीत म्हटलं, "आता माझ्याकडून ती कागदाची पुडकी येणार नाहीत बरं का."

मावशींनी मान वर केली. "म्हणजे ती तुमची होती होय!"

मला काही सुचेना. त्यांनी कचरा चाळता चाळताच सांगितलं, आवाज न चढवता. "वर्तमानपत्राचा कागद असला की मला वाटतं रद्दी आहे. भंगारात दोन पैसे येतात. म्हणून मी सोडते पुडी. दर वेळी वाटतं, आता कागदच असंल."

मी घरी येऊन हिशोब केला. तीस वर्षं, वर्षाचे बारा महिने, महिन्याला साधारण बारा. बाळंतपणाचे महिने वजा केले तरी चार हजारांच्या वर पुड्या. आत्याने मला न शिवता तीन दिवस पाणी पाजलं म्हणून मी तीस वर्षं तिच्यावर डूख धरला. आणि त्याच तीस वर्षांत मी स्वतःचं जे स्वतः शिवले नाही, ते चार हजार वेळा कुणाच्या तरी उघड्या हातांवर सोडलं. वरून. धार धरल्यासारखं.

पॅडने मला शाळा दिली, प्रवास दिला, पांढरी सलवार घालायची हिंमत दिली. मी त्याला नावं ठेवणार नाही. आणि कप प्रत्येकीला झेपेल असंही नाही. दुसऱ्या दिवशी मावशींना एक देऊ केला तर त्या हसल्या. "माझी जाऊन दोन वर्षं झाली. सुनेला इचारते. पण ती बी दिवसभर रस्त्यावर. हात धुवायला पाणी कुठं, संडास कुठं?" बारा तासांची सोय सगळ्यात जिच्या उपयोगाची, तिला कप ओतायला कडी लागणारं दार मिळत नाही. हे माझ्या भाषणात नव्हतं.

त्या दिवसापासून मी वाणाच्या उरलेल्या कपांबद्दल बोलायची थांबले. लेकीला अजून पॅडच लागतात. लाल पेन आता बाथरूमच्या खिडकीत असतं, दोऱ्याने बांधलेलं.

हे सगळं ऐकून मी सुधारले असं वाटत असेल तर परवाची गोष्ट सांगते. ते पातेलं मी माळ्यावर, जुन्या पंख्यामागे ठेवते. सासूबाई दिवाळीच्या साफसफाईला लागल्या होत्या. मी पोळ्या लाटत होते. बघते तर त्या स्टुलावर, आणि हात थेट पंख्यामागे.

"आई! त्याला शिवू नका!"

लाटणं माझ्या हातात होतं, तसं वरच राहिलं. सासूबाईंनी पातेलं काढलं. बूड उलटं करून ठिपके वाचले. मग माझ्याकडे बघून हसायलाच लागल्या, स्टूल हलेपर्यंत.

"चाळीस वर्षांनी ऐकलं गं हे. माझ्याही तांब्याला असंच कोपऱ्यात ठेवायचे." फडक्याने त्यांनी ते आतून-बाहेरून पुसलं. "तुझी पोरगी मला सगळं सांगते. पाच मिनिटं उकळतं पाणी म्हणजे माझ्या चहाच्या भांड्याहून हे स्वच्छ. कशाला वर चढतेस दर महिन्याला? पडशील."

आणि त्यांनी ते मांडणीवर, मामेसासऱ्यांच्या डब्याशेजारी, उपडं घातलं. आत्याचं नाव वर. मी अजून त्यात चहा करत नाही. पण स्टुलावर चढणं तेवढं थांबलंय.