करवंटीचा तुकडा

आत्या ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या खासगी बाजारात राहते. लहानपणी तिला पत्र लिहिताना या पत्त्याशी माझं पेन अडखळायचंच. खासगी आहे तर बाजार कसला, आणि बाजारच मांडलाय तर खासगी काय उरलं? संस्थानी काळात राजघराण्याच्या घरच्या कारभाराला 'खासगी' म्हणत, हे पुढे कळलं. शंका फिटली, गंमत मात्र उरली.

यंदा तिच्याकडे गेलो, तेव्हा सरोदघराची वाट विचारली. "सरोदघर ना? जिवाजीगंजात. सीधं जा, मग मुडून घे," आत्या तिच्या खास ग्वाल्हेरी मराठीत म्हणाली. सरोदिये उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांचं हे राहतं घर. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ इथेच 1945 साली जन्मले. आता तिथे संग्रहालय आहे. कुणाच्या बैठकीत न बोलावता शिरल्यासारखा मी अंग चोरून फिरत होतो, आणि काचेआडची जुनी वाद्यं दुपारच्या वामकुक्षीतल्या आजोबांसारखी निवांत पहुडली होती.

खाँसाहेबांचे पूर्वज बंगश पठाण. ते अफगाणिस्तानाकडून आले ते रबाब घेऊन. लाकडी पट्टी, आतड्याच्या तारा. रबाब बोलायचा तो नव्या पाहुण्यासारखा, तुटक तुटक. त्यांच्यातल्या गुलाम अली खाँनी पोलादी पट्टी आणि धातूच्या तारा लावून त्याचा सरोद केला, असं हे घराणं सांगतं. (इतरही घराणी आपापल्या पूर्वजांबद्दल तेच सांगतात, घराणं म्हटलं की वाटणीचे वाद आलेच.) मग सूर लांबवता येऊ लागला. पाहुणा रुळला, की त्याच्या बोलण्यात असाच हेल येतो.

1960 साली खाँसाहेबांना पद्मभूषण मिळालं, तेव्हाची एक आठवण या घरात सांगतात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी विचारलं, आपल्यासाठी काय करू? खाँसाहेब म्हणाले, दरबारी राग तेवढा शुद्ध राहील असं बघा. गावचं पाणी गढूळ होतंय म्हणून पाटलाकडे जावं, तसे ते राष्ट्रपतींकडे गेले. माणसाची खासगी केवढी मोठी असू शकते!

पण मी रेंगाळलो तो जव्यापाशी. सरोद छेडतात तो हा चिमुकला तुकडा चक्क नारळाच्या करवंटीचा. काबूलकडचं वाद्य, वर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, आणि त्याला बोलतं करते ती आपली खोबरं खरवडून झालेली करवंटी!

संध्याकाळी आत्यानं नारळ फोडला. मी करवंटीचा एक तुकडा खिशात टाकला.

"अरे, कशाला तो?"

"असू दे गं."

"घे, हा मोठा घे," ती म्हणाली.