हिरव्या गड्याची पळापळ

गेली चाळीसहून अधिक वर्षे तो पळतो आहे. अंगाने हिरवा, मुंडके धडापासून सुटलेले, एक पाय दाराबाहेर आणि दुसरा अजून ऑफिसातच. १९७२ साली ओसाकातल्या सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत आग लागून ११८ माणसे गेली. पुढे त्या दशकात जपानने बाहेरची वाट दाखवणारे चित्र शोधायला घेतले. युकिओ ओता यांनी त्याला आजचे रूप दिले आणि ते जगभर गेले. एक अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळावे, असा हेतू. आपल्याकडे पोचल्यावर मात्र गड्याला इथली रीत शिकावी लागली: पळायचे, पोचायचे नाही.

कुठल्याही व्यापारी संकुलात त्याच्या बाणामागे चालत जावे. शेवटी दार लागते. दारापुढे मोडक्या खुर्च्या, पाण्याचे रिकामे जार, गेल्या दिवाळीचा आकाशकंदील आणि कुणीच न मागणाऱ्या फायलींचे गठ्ठे. दाराला कुलूप, कारण चोर येतात. आगीपेक्षा चोर नेमाने येतात हा संकुलाचा अनुभव, आणि तो अगदीच खोटा नाही.

गड्याच्या पाटीची गंमत आणखी वेगळी. वीज असेपर्यंत ती झळकते, मग आतली बॅटरी धडधाकट असो की कधीच निवर्तलेली. फरक कळतो तो वीज गेल्यावर. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार आणीबाणीचे दिवे किमान दीड तास टिकायला हवेत. म्हणजे तपासायचे तर त्यांचा पुरवठा तोडायचा आणि घड्याळ लावून बसायचे. पण कुठल्या एमसीबीवर काय आहे हे फक्त वायरमनला ठाऊक, आणि वायरमन गावी गेलेला. चुकून सर्व्हर बंद पडला तर साहेब आगीपेक्षा भडकतात. मग टेस्टचे बटण क्षणभर दाबून, दाबणाऱ्या बोटाचा फोटो काढून काम भागते. शिवाय पाटी टांगलेली छताला चिकटून, आणि धूर आधी तिथेच साचतो.

‘आणीबाणीचा दिवा’ या शब्दांना दिल्लीतल्या ‘उपहार’ थिएटरने वेगळाच अर्थ दिला. १९७६ साली, खुद्द आणीबाणीत, तिकिटांचे दर उतरवल्याची भरपाई म्हणून तिथल्या थिएटरांना जादा खुर्च्या बसवायची मुभा मिळाली. उपहारच्या बाल्कनीत त्या बसल्या. पुढे उजव्या बाजूची वाट मालकांच्या आठ खुर्च्यांच्या खाशा बॉक्सने अडवली, तीही रीतसर परवानगीने. १९७९मध्ये मुभा मागे घेतली गेली. आणीबाणी त्याआधीच उठली होती, बाल्कनीतल्या बहुतेक खुर्च्या उठल्या नाहीत. १३ जून १९९७ला ‘बॉर्डर’ चालू असताना तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला आणि जिन्यातून धूर वर चढला. वीज गेली. आणीबाणीचे दिवे नव्हते, बाहेरच्या वाटेच्या पाट्या उजळल्या नाहीत, सूचना देणारा आवाज आला नाही. ५९ जण गुदमरून मेले, बहुतेक बाल्कनीतले. आठ माणसांना पडदा नीट दिसावा याची सोय मात्र चोख झाली होती.

मुंबईच्या कमला मिल आवारात डिसेंबर २०१७च्या अखेरीस गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जण गेले. त्यातले बरेच शौचालयात सापडले. घाबरलेला माणूस ओळखीच्या दाराकडे धावतो, आणि पबमध्ये ओळखीचे दार कुठले असते हे सांगायला नको.

कायदा नाही असे कुणी म्हणू नये. महाराष्ट्राचा २००६चा आग प्रतिबंधक कायदा आहे. यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. एजन्सी मालक निवडतो, बिलही तोच भरतो. परीक्षार्थीने परीक्षक नेमला की निकाल सहसा घसरत नाही.

तर जानेवारी उजाडतो. कुलूप निघते, मोडक्या खुर्च्या डोक्यावर घेऊन दोन पोरे आणीबाणीच्या जिन्याने गच्ची गाठतात. फोटो निघतो, शिक्का पडतो. संध्याकाळी खुर्च्या त्याच जिन्याने खाली येतात. जुलैपर्यंत त्या जिन्यावर दुसरी वर्दळ नसते.